गाठीतली गर्दी

गेल्या अंकात मानेतल्या गाठींबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच विषय सारखा वर येतोय : वयात येणाऱ्या मुलांचा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आणि त्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशी नक्की काय करत असतात. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांतून ही पत्रं आली आहेत. मी कुडाळात पॅथॉलॉजीची लॅब चालवते. उपचार करणारी डॉक्टर मी नाही. पेशंटची गाठ काचेवर बघणारी आहे. त्यामुळे उत्तरंही काचेवर जे दिसतं तिथूनच सुरू होतील. पत्रं थोडी आवरती घेतली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. मानेत उजवीकडे गाठ आली, दुखत नव्हती. सुईने तपासली, 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे नुसती सूज, कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आला. मग टीबी असेल म्हणून एकेटी, म्हणजे टीबीचं औषध, सुरू झालं. चार महिने गोळ्या घेतल्या, गाठ वाढतच गेली, रात्री घामाने चादर भिजायला लागली. शेवटी गाठ काढून तपासली, तर हॉजकिन लिम्फोमा. रिपोर्टात लिहिलंय की कॅन्सरच्या पेशी थोड्याच आहेत, बाकी लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी. शरीराचं रक्षण करणाऱ्या इतक्या पेशी तिथे होत्या, तर त्यांनी त्या थोड्याशा पेशींना मारलं का नाही? आणि पहिली तपासणी चुकली कशी?
— एक आई, देवगड तालुका

ताई, तुमचा पहिला प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांना अनेक वर्षं पडलेला आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचं बरंचसं उत्तर हाती आलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक कॅन्सरच्या गाठीत कॅन्सरच्याच पेशी जास्त असतात. हॉजकिनचं तसं नाही. इथे खरी रोगट पेशी म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी. मोठी, बहुधा दोन केंद्रकांची, प्रत्येक केंद्रकात एक ठळक लालसर ठिपका. शंभरात साधारण एखादी, कधी त्याहून कमी, क्वचित दहापर्यंत. तिच्याभोवतीच्या सगळ्या पेशी तुमच्या मुलाच्या स्वतःच्या, निरोगी. टी-पेशी, बी-पेशी, केशरी दाण्यांचे इओसिनोफिल, कचरा गिळणारे मॅक्रोफेज, आणि काही प्रकारांत धाग्यांचे जाड पट्टे. टी-पेशी तर त्या एकेका मोठ्या पेशीला कडं करून अगदी चिकटून बसलेल्या दिसतात. मारण्याइतक्या जवळ असतात, पण मारत नाहीत.

याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. एक म्हणजे, ही गर्दी आपण होऊन जमलेली नसते, रीड-स्टर्नबर्ग पेशीने बोलावलेली असते. ती 'टार्क' नावाचं रसायन सोडते, त्याच्या मागावर ठराविक जातीच्या टी-पेशी येतात. त्यांत इतर टी-पेशींना शांत ठेवणाऱ्याही असतात. इंटरल्यूकिन-5 सोडते, त्याने इओसिनोफिल वाढतात. म्हणजे कोण यावं हे बऱ्याच अंशी तीच ठरवते, आणि आलेल्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांवर ती जगते. ही पेशी काचेच्या बशीत एकटी वाढवायला गेलं तर महाकठीण, ते यामुळेच.

दुसरं, मारणाऱ्या टी-पेशीला समोरची पेशी बिघडलीय हे कळावं म्हणून प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडत असते. हॉजकिनच्या बऱ्याच रुग्णांत हे मांडण्यासाठी लागणाऱ्या बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचं जनुकच बिघडलेलं असतं. समोर काही मांडलेलंच नाही, तर ओळखणार काय?

आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं. टी-पेशीवर पीडी-1 नावाचा एक ग्राही असतो. त्याला समोरच्या पेशीवरचं पीडी-एल1 हे प्रथिन भेटलं की टी-पेशी काम थांबवते. ही व्यवस्था आपल्या भल्याचीच आहे. ती नसती तर प्रत्येक सर्दीनंतर आपल्याच पेशींनी आपल्याला पोखरलं असतं. रीड-स्टर्नबर्ग पेशीत नवव्या गुणसूत्राच्या ज्या तुकड्यावर पीडी-एल1चं जनुक असतं, त्या तुकड्याच्या जास्तीच्या प्रती जवळजवळ नेहमी सापडतात. त्यामुळे तिच्या अंगावर पीडी-एल1 भरपूर. शेजारच्या मॅक्रोफेजवरही ते असतं. कडं करून बसलेल्या टी-पेशींना सतत एकच निरोप मिळत राहतो : थांब.

रात्रीचा घाम, ताप, वजन उतरणं, अंगाला सुटणारी खाज हेही बरंचसं या गर्दीतून रक्तात उतरणाऱ्या रसायनांमुळे होतं. म्हणूनच ती लक्षणं हुबेहूब जंतुसंसर्गासारखी वाटतात.

आता पहिल्या तपासणीबद्दल. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. वाळूवर तारल्यांचा ढीग पडतो, त्यात सुरमई एखादी. त्या ढिगातून डोळे मिटून मूठभर मासळी उचलली तर हाताला तारलीच लागणार. बारीक सुईने हॉजकिनच्या गाठीतून काढलेल्या पेशींचं असंच होतं. 'रिअॅक्टिव्ह' हा शब्द त्या सुईत आलेल्या पेशींपुरता खरा असतो, गाठीबद्दल तो शेवटचा शब्द नसतो. म्हणून लिम्फोमाची शंका असेल तर अख्खी ग्रंथी काढून, नाहीतर निदान तिचा जाड तुकडा घेऊन तपासायची असते. भोवतालची रचना दिसल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, आणि त्यानंतरही सीडी30, सीडी15, पॅक्स5 अशा रंगचाचण्या लागतात.

टीबीशी घोटाळा फार जुना आहे. 1898 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या पेशींचं वर्णन केलं तेव्हा त्यांनाही हा टीबीचाच एक प्रकार वाटला होता. 1902 मध्ये बाल्टिमोरला डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी हा टीबी नव्हे, वेगळाच आजार आहे, असं ठामपणे मांडलं. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारं जेमतेम उघडली होती त्या काळात. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. घोटाळा व्हायला आणखीही कारण आहे. हॉजकिनच्या काही गाठींत टीबीत दिसतात तसे ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे पुंजके, खरोखरच असतात. उलट या रुग्णांच्या टी-पेशी मंदावलेल्या असल्याने टीबी असला तरी मॉन्टूची, म्हणजे टीबीसाठी हातावर करतात ती, चाचणी उठत नाही, असंही होतं.

आपल्याकडे मानेतली गाठ टीबीची निघणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे डॉक्टरांना आधी टीबी आठवणं साहजिकच. माझा आग्रह एवढाच : गाठीतल्या मालात जंतू सापडला नाही, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह आली आणि गोळ्या चालू असताना गाठ वाढतेय, तर कोर्स संपायची वाट बघू नका. गाठ काढून तपासा. कॉलरच्या हाडाच्या वरची, दुखत नसलेली, रबरासारखी लागणारी गाठ असेल तर आणखीच लवकर. आणि बायोप्सी होण्याआधी 'सूज उतरावी' म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या कुणी दिल्या तर कशासाठी ते विचारा. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती वितळते आणि मग आम्हाला काचेवर नीट काही दिसत नाही.

पुढे मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्टाचा कागद नेऊ नका, आमच्याकडून गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. तिथे ते परत बघतात, बघायलाच हवं. ब्लॉक पर्समध्ये ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या काचेशी नको.

तुमच्या मुलाचे चार महिने गेले, त्याची खंत तुमच्या पत्राच्या ओळीओळीत आहे. पण हॉजकिन पुढच्या टप्प्यात सापडला तरी या वयातली बहुतेक मुलं योग्य उपचारांनी पूर्ण बरी होतात. हे मी धीर द्यायला म्हणून लिहीत नाही, ते तसं आहे.

प्रश्न : माझो नातू सोळा वर्षांचो. लिम्फोमा झालो म्हणून केमो चालू आसा. शेजारी सांगतत, ह्येची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून गाठ इली, गुळवेलीचो काढो चालू कर. आमच्या परड्यात गुळवेल आसा. देऊचो काय?
— एक आजोबा, मालवण तालुका

आजोबा, नको. केमो चालू असेपर्यंत तरी अजिबात नको.

वर देवगडच्या ताईंना लिहिलंय ते वाचा. त्या प्रकारच्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचा तुटवडा नसतो, त्यांना थांबवून ठेवलेलं असतं. 'शक्ती वाढवणं' हा त्यावरचा इलाज नव्हे. शिवाय केमोतली डॉक्सोरुबिसिन, विनब्लास्टिन यांसारखी औषधं यकृतातून बाहेर पडतात. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं मत वेगळं होतं, त्यावर वाद झाला. पण नातवाचं यकृत या महिन्यांत आधीच कष्टात आहे, त्या वादाचा निकाल त्याच्यावर लावायला नको. यकृत सुजलं तर केमोची तारीख पुढे ढकलावी लागते, आणि तारखा चुकणं हे खरं नुकसान.

परसातलंच द्यायचं तर शहाळं द्या, समोर फोडून, लगेच प्यायला. पेज द्या, ताजी, नीट शिजवलेली मासळी द्या. पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत बाहेरचं कापून ठेवलेलं फळ आणि कच्चं काही नको. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका. रात्री असला तरी रुग्णालयात न्या. त्या दिवसांत जंतुसंसर्गाची ताप हीच एकमेव खूण असू शकते.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. माझ्या छातीत गाठ आहे, नोड्युलर स्क्लेरोसिस हॉजकिन. एका ठिकाणी मला लहान मुलांच्या विभागात पाठवलं, दुसरीकडे मोठ्यांच्या. माझा आजार नक्की कुणाचा? आणि इम्युनोथेरपीबद्दल वाचलं, ती मला का देत नाहीत?
— गुहागर

तुझ्या पत्रातला 'माझा आजार कुणाचा' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण मोठी माणसंही तो पुरेसा विचारत नाहीत.

वर्षानुवर्षं आमचं ज्ञान मोठ्यांच्या गाठींवरून आलेलं आहे. 2010 मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की मोठ्या माणसांच्या हॉजकिनमध्ये मॅक्रोफेज जास्त असतील तर आजार उलटण्याची भीती जास्त. मग तेच मुलांना लावावं का, असा प्रश्न आला. 2022 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांच्या गाठींमधली जनुकं तपासून त्यांची मोठ्यांशी तुलना केली. अठराच्या आतल्यांमध्ये इओसिनोफिल, बी-पेशी आणि मास्ट पेशी यांच्या खुणा जास्त दिसल्या. मोठ्यांमध्ये मॅक्रोफेज आणि धाग्यांच्या ऊतीच्या. म्हणजे आजाराचं नाव एक, रीड-स्टर्नबर्ग पेशी तीच, पण तिच्याभोवती जमलेली माणसं वयागणिक वेगळी. म्हणून धोका मोजण्याचं गणितही त्यांनी मुलांसाठी वेगळं मांडलं. मला हे काम महत्त्वाचं वाटतं. तुझ्या वयाच्या पेशंटला 'लहान मोठा माणूस' समजून चालत नाही, हे त्यातून आकड्यांत दिसलं.

सगळे लिम्फोमा असे गर्दीचे नसतात. तुझ्याच वयात होणारा बर्किट लिम्फोमा बघितला तर काचभर कॅन्सरच्याच पेशी, एकमेकींना खेटून, जवळजवळ प्रत्येक पेशी विभाजनाच्या तयारीत. मधेमधे मेलेल्या पेशी गिळणारे फिकट मॅक्रोफेज तेवढे दिसतात. त्या दृश्याला आम्ही 'तारांकित आकाश' म्हणतो. टी-पेशी तिथे तुरळक. त्यामुळे एका लिम्फोमाच्या मुलाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पडेलच असं नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेशी तुलना करू नकोस.

आता इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींनाच कामाला लावणारा उपचार. पीडी-1चा शोध जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये लागला. 2018 मध्ये त्यांना जेम्स अॅलिसन यांच्यासह नोबेल मिळालं. पीडी-1 झाकणारं निवोलुमॅब हे औषध, बाकी उपचार हरलेल्या 23 हॉजकिन रुग्णांना दिल्याचा अहवाल 2015 मध्ये आला. त्यातल्या 20 जणांच्या गाठी आक्रसल्या. गाठीत जमून थांबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. इतर फारच थोड्या कॅन्सरमध्ये हे औषध इतकं लागू पडतं.

पुढे ते पहिल्याच उपचारात केमोबरोबर देऊन पाहिलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले बारा वर्षांपासून पुढचे रुग्ण घेतले होते, त्यातले जवळपास चौथा हिस्सा अठराच्या आतले. लहानांचे डॉक्टर आणि मोठ्यांचे डॉक्टर एकाच चाचणीत एकत्र आले हेच मुळात मोठं काम. दोन वर्षांनंतर निवोलुमॅबच्या गटात 92 टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकला नव्हता. ब्रेंटुक्सिमॅब हे दुसरं नवं औषध मिळालेल्या गटात 83 टक्के. आणि छातीवर किरणोपचार घ्यावे लागले ते शंभरात एकालाही नाही. तुझ्यासारख्या मुलीसाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण कोवळ्या वयात छातीवर घेतलेल्या किरणांमुळे पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

मग तुला का नाही? एकतर तुझा टप्पा तू लिहिलेला नाहीस. सुरुवातीचा असेल तर नेहमीच्या केमोनेच उत्तम निकाल मिळतात. दुसरं, औषध महाग आहे, आणि तुमच्या घरावर तो भार किती पडेल हे डॉक्टरांनी धरलेलं असणार. तिसरं, थांबलेल्या टी-पेशी सोडल्या की त्या कधी थायरॉइड, फुप्फुस, आतडं यांच्यावरही जातात. थायरॉइडची गोळी आयुष्यभर घ्यावी लागू शकते. हे तिन्ही मुद्दे तू स्वतः डॉक्टरांपुढे काढ. सतराव्या वर्षी तुला ते समजतं, तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला बाबांना सांग.

विभाग कुठलाही असो, तिथे हॉजकिनचे तुझ्या वयाचे पेशंट नियमित येतात का, हे विचार. आणि केमो सुरू होण्याआधी एक प्रश्न नक्की : पुढे मूल होण्याच्या दृष्टीने काय काळजी घ्यायची? आई-बाबांसमोर हा विषय काढायला अवघड वाटतं, मला कळतं. चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात दे.

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा लिम्फोमाचे उपचार घेऊन शाळेत परत येतोय. 'हा व्हायरसमुळे होतो' असं वाचून काही पालक त्याला वेगळं बसवा म्हणतात. काय सांगू?
— शिक्षिका, वेंगुर्ला

बाई, लिम्फोमा लागत नाही. डब्यातून नाही, पेल्यातून नाही, शेजारी बसून नाही. तो विषाणू म्हणजे एपस्टाइन-बार. 1964 मध्ये बर्किट लिम्फोमाच्या पेशींत तो पहिल्यांदा दिसला, आणि आपल्याकडच्या लहान मुलांच्या हॉजकिनच्या गाठींत बऱ्याचदा सापडतो. पण तो लाळेतून पसरतो आणि आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरून आयुष्यभर मुक्काम ठोकतो. त्या पालकांच्या अंगात आहे, बहुधा तुमच्या-माझ्याही. कॅन्सर होतो तो त्यातल्या एखाद्यालाच, इतर अनेक बिघाड जमून आल्यावर.

जपायचं आहे ते त्या मुलाला, वर्गापासून. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी त्याच्या घरी फोन करा. त्याला औषध द्यायचं तर ते पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं. पालकसभेत एवढं एकच सांगितलंत तरी पालकांचा रोख बदलेल असं मला वाटतं.

प्रश्न : मुलाची केमो पूर्ण झाली. डॉक्टर म्हणतात आजार गेला, पण सीटी स्कॅनमध्ये छातीत गाठ अजून दिसतेच. मग गेला कसा? आणि आता तीन महिन्यांनी पेट स्कॅनमध्ये छातीत पुढे नवीन चमक आलीय. झोप उडालीय आमची.
— एक वडील, रत्नागिरी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच ठेवू.

जुनी गाठ : हॉजकिनच्या गाठीत गर्दीबरोबर धाग्यांचे पट्टेही वाढलेले असतात. केमोने पेशी जातात, हे पट्टे राहतात. सीटीला आकार दिसतो, त्यात जिवंत काय आहे ते कळत नाही. ते पेटला कळतं. पेटची चमक एक ते पाच अशा मोजपट्टीवर यकृताच्या चमकेशी ताडून बघतात; यकृतापेक्षा जास्त नसेल, म्हणजे तीनपर्यंत, तर उरलेला तो बहुतेक व्रणच.

नवीन चमक : ती कुठे आहे ते रिपोर्टात बघा. छातीच्या हाडामागे, वरच्या बाजूला, दोन्हीकडे सारखी पसरलेली असं काही लिहिलंय का? तिथे थायमस ही ग्रंथी असते, टी-पेशी तयार होऊन बाहेर पडतात ती जागा. मोठ्यांमध्ये ती सुकत जाते, पण तुमच्या मुलाच्या वयात अजून कामाची असते. केमोत ती आक्रसते, आणि केमो थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा वाढते, कधी आधीपेक्षा मोठी होते, आणि पेटवर चमकते. पोरवयातल्या पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं. ते आजार उलटणं नव्हे. अर्थात ती चमक थायमसचीच आहे हे आधीचे सगळे स्कॅन शेजारी लावून रेडिओलॉजिस्टनेच ठरवायचं, म्हणून जुन्या सीडी सगळ्या घेऊन जा. शंका राहिली तर डॉक्टर काही आठवडे थांबून पुन्हा स्कॅन करतील, आणि त्यानंतरही पटलं नाही तरच सुई किंवा बायोप्सी. थांबायला सांगितलं तर ते टाळणं समजू नका. मुलाला ताप, रात्रीचा घाम, खाज, मानेत-काखेत नवी गाठ यांपैकी काही दिसलं तर मात्र ठरलेल्या तारखेआधीच दाखवा.